आजीची ओवी, काजळीचा कागद आणि पियानोची जाळी : नादाचे चित्र काढण्याचा इतिहास

(दीर्घ थ्रेड. सवडीने वाचा. शक्य असल्यास हाताशी एक कोरा कागद आणि पेन ठेवा, मध्ये लागेल.)

गेल्या दिवाळीत माझा मामेभाऊ मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "ताई, आजी बेसूर गाते असं हे अ‍ॅप म्हणतंय."

हा मुलगा अकरावीत आहे आणि फावल्या वेळात मोबाइलवर बीट तयार करतो. त्याने आमच्या आजीची जात्यावरची एक ओवी गुपचूप रेकॉर्ड केली होती. तिच्याखाली ढोलकी आणि बेस घालून तिचे गाणे करायचे, असा त्याचा बेत होता. अ‍ॅपने आजीचा आवाज पडद्यावर काढून दाखवला : एकावर एक आखलेल्या आडव्या रेषा आणि त्यांच्यामधून वाट काढत जाणारी एक नागमोडी रेघ. ती रेघ आखलेल्या रेषांवर क्वचितच टेकत होती. पोराने 'सुधारणा'चे बटण दाबले. रेघ खटकन पायऱ्यापायऱ्यांची झाली. आवाज आजीचाच होता, मात्र आता ती जिना चढल्या-उतरल्यासारखी गात होती.

मी संगीताची विद्यार्थिनी नाही, इतिहासाची आहे. त्यामुळे मला पडलेला पहिला प्रश्न आजीच्या सुराविषयी नव्हता. त्या आडव्या रेषा तेथे कोणी आखल्या, हा होता.

या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागले, ते आज तुमच्यासमोर मांडते आहे. ध्वनिमुद्रण, मिक्सिंग, सूर-दुरुस्ती या गोष्टी ज्यांना अगदी नव्या आहेत, त्यांनाही हा थ्रेड समजावा असा प्रयत्न आहे. त्या शिकवण्याची सर्वांत गमतीदार पद्धत शोधून काढणारी माणसेच या इतिहासाची नायक आहेत.

आरंभ पॅरिसपासून करावा लागतो. एदुआर-लेऑं स्कॉट द मार्तिनव्हिल हे छापखान्याच्या व्यवसायातील गृहस्थ. त्यांना लघुलिपीचा नाद होता. बोलणारा बोलतो आणि लिहिणारा मागे पडतो, हे त्यांचे दुखणे. मग आवाजानेच स्वतःला लिहून घेतले तर? २५ मार्च १८५७ रोजी त्यांनी एका यंत्राचे पेटंट घेतले : फोनोटोग्राफ. नरसाळ्यासारख्या भांड्याच्या तोंडाशी गायचे. दुसऱ्या टोकाला ताणून बसवलेला पातळ पडदा. पडद्याला चिकटवलेला एक राठ केस. केसाखाली रुळावर गुंडाळलेला, दिव्याच्या काजळीने काळा केलेला कागद. पडदा थरथरला की केस हलतो, रूळ फिरतो आणि काजळीत पांढरी नागमोडी रेष उमटते.

आज कोणत्याही रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये जी 'वेव्हफॉर्म' दिसते, तिची ही पणजी. डावीकडून उजवीकडे काळ, वर-खाली थरथर.

गंमत अशी, की हा आवाज पुन्हा ऐकता यावा ही कल्पना स्कॉट यांच्या यंत्रात नव्हतीच. त्यांना तो वाचायचा होता. ऐकवणारे यंत्र, एडिसनचा फोनोग्राफ, वीस वर्षांनी, १८७७ मध्ये आले. म्हणजे ध्वनी 'दिसू' लागला आधी आणि 'वाजू' लागला नंतर. ध्वनिमुद्रणाचा इतिहास एडिसनपासून सुरू करणारी पुस्तके हा क्रम विसरतात, म्हणून येथे जरा थांबले.

स्कॉट यांनी ९ एप्रिल १८६० रोजी काजळीवर उमटवलेले एका फ्रेंच लोकगीताचे काही सेकंद २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने प्रथमच वाजवले. जगाला ऐकू आला एखाद्या मुलीचा वाटणारा कोवळा आवाज. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. पुढच्याच वर्षी चूक ध्यानात आली : रेषा दुप्पट वेगाने वाजवली गेली होती. योग्य वेगाने वाजवल्यावर ती 'मुलगी' संथपणे गाणारा पुरुष निघाली, बहुधा स्वतः स्कॉटच. चूक कशी झाली? स्कॉट यांनी आवाजाच्या रेषेशेजारी नादकाट्याची थरथरही नोंदवून ठेवली होती, म्हणजे नकाशावर प्रमाणपट्टी असते तशी. पण त्या काळी फ्रान्समध्ये झोक्याचे जाणे एक कंपन आणि येणे दुसरे, असे मोजत. आज आपण जाणे-येणे मिळून एक मोजतो. एका मोजणीच्या रीतीने माणसाचा आवाज बदलून टाकला.

हे लक्षात असू द्या. चित्र तेच असते. त्याच्याशेजारी कोणती पट्टी धरली, यावर आवाज ठरतो.

आता कागद-पेन घ्या.

बोलपटांच्या काळात चित्रफितीच्या एका कडेला एक अरुंद पट्टी असे. तिच्यावर आवाज असे, आणि तो प्रकाशाच्या रूपात असे. प्रक्षेपकात एका बारीक फटीतून दिव्याचा प्रकाश त्या पट्टीवर पडतो. पट्टीवर कोठे काळे, कोठे पारदर्शक. पलीकडे असलेल्या प्रकाशसंवेदी घटावर कमी-अधिक उजेड पोहोचतो, त्याची कमी-अधिक वीज होते आणि त्या विजेने कर्णा हलतो. एवढेच. त्या पट्टीवरचे काळे-पांढरे नक्षीकाम म्हणजे गाणे. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने धावते. लांबीत सांगायचे तर एका सेकंदाला सुमारे ४६ सेंटिमीटर.

तेव्हा ४६ सेंटिमीटरची एक कागदी पट्टी कापा. हा तुमचा एक सेकंद.

तिच्यावर समान अंतरावर आडव्या रेघोट्या मारा. रेघा जितक्या जवळ, तितका सूर उंच. एका सेकंदात ४४० रेघा बसवल्या तर वाद्यवृंद ज्या सुराला वाद्ये जुळवतात तो सूर मिळेल; प्रत्येक रेघेला जेमतेम एक मिलिमीटर जागा येईल. हा झाला नादाचा उंचनीचपणा. आता रेघांमधले अंतर तेच ठेवून त्यांची रुंदी वाढवा : आवाज मोठा. रुंदी कमी करा : आवाज लहान. हा लहानमोठेपणा. आता अंतर तेच, रुंदीही तीच, पण रेघांऐवजी काठ गोलसर असलेल्या लाटा काढा : आवाज बासरीसारखा मऊ. करवतीचे दाते काढा : आवाज धारदार, किरकिरा. आपल्याकडील संगीताची शालेय पुस्तके जिला नादाची 'जाती' म्हणतात, ती ही.

आणखी एक गंमत करून पाहा. पहिली रेघ खूप रुंद काढा आणि पुढच्या हळूहळू बारीक करत न्या. ही देवळातील घंटा : टोला पडला आणि नाद विरत गेला. तीच पट्टी उलट दिशेने वाचा. शून्यातून फुगत आलेला नाद टोल्यावर येऊन अचानक तुटतो. चित्रपटांत भुताच्या प्रसंगी जे उलटे, ओढल्यासारखे आवाज येतात, त्यांचे गुपित एवढेच आहे. ध्वनिमुद्रणाच्या भाषेत याला 'एन्व्हलप' म्हणतात. नाद कसा उगवतो, टिकतो आणि मावळतो याची बाह्यरेषा. तबल्याची थाप आणि बासरीची फुंकर कानाला वेगळी कळते, त्यात या बाह्यरेषेचा वाटा फार मोठा आहे.

शेवटचा प्रयोग मला स्वतःला सर्वाधिक चकित करून गेला. रेघांमधले अंतर वाढवत न्या. सूर खाली खाली येतो. अंतर सव्वादोन सेंटिमीटरच्या पुढे गेले, म्हणजे सेकंदाला विसाहून कमी रेघा उरल्या, की सूर फुटतो आणि सुट्या टिचक्या ऐकू येऊ लागतात. म्हणजे ज्याला आपण सूर म्हणतो तो वेगात धावणारा ताल आहे, आणि ताल हा फार सावकाश चाललेला सूर. गायन आणि तबला अशा दोन वेगळ्या तासिकांमध्ये शिकलेली गोष्ट कागदाच्या एकाच पट्टीवर एकमेकींत मिसळून जाते.

हा पाठ माझा नाही. तो नॉर्मन मॅकलॅरन यांचा आहे.

स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथे १९१४ मध्ये जन्मलेले मॅकलॅरन १९४१ पासून कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात काम करीत. ते कॅमेऱ्यावाचून, थेट फिल्मवर चित्रे काढत; आणि पुढे त्यांनी कडेच्या पट्टीवर आवाजही काढायला सुरुवात केली. १९५१ मध्ये फिल्म बोर्डाने 'पेन पॉइंट पर्कशन' नावाचा काही मिनिटांचा लघुपट केला. त्यात मॅकलॅरन टेबलाशी बसून फिल्मवर शाईने ठिपके काढताना दिसतात आणि मग ते ठिपके ऐकू येतात. मोठा ठिपका, मोठा आवाज. दाट ठिपके, उंच आवाज. वेगळा आकार, वेगळी जाती. तंत्राचे एकही अवघड नाव न घेता ध्वनिनिर्मितीचा पाया समजावून देणारा याहून सरळ पाठ मी तरी पाहिलेला नाही. इंटरनेटवर आज हजारो 'बिगिनर्स ट्युटोरियल' आहेत. त्यांतील बहुतेक बटणे शिकवतात.

पुढे एव्हलिन लॅम्बार्ट या सहकारी कलावतीबरोबर त्यांनी ही पद्धत पक्की केली. पट्ट्यापट्ट्यांची चित्रे असलेली पुठ्ठ्याची पत्ते-मालिका. प्रत्येक पत्ता म्हणजे एक सूर. पत्ता कॅमेऱ्यापुढे ठेवायचा, हवा तेवढा भाग झाकायचा (लहानमोठेपणा), फोटो घ्यायचा, पुढचा पत्ता. एका फुलावरून एकमेकांचे जीव घेणाऱ्या दोन शेजाऱ्यांची कथा सांगणाऱ्या 'नेबर्स' (१९५२) या त्यांच्या लघुपटाला ऑस्कर मिळाले. त्यातील कृत्रिम ध्वनी असेच चित्रांतून घडवलेले आहेत. १९५३ मध्ये युनेस्कोच्या कामासाठी मॅकलॅरन भारतातही येऊन गेले होते.

आता जरा मागे जाऊ, कारण कल्पना त्यांच्या एकट्याची नव्हती. ती जन्मली मॉस्को-लेनिनग्राड आणि बर्लिन-म्युनिक येथे, जवळपास एकाच वेळी.

१९२९. सोव्हिएत रशियातील सुरुवातीच्या बोलपटांपैकी एकावर काम चालू असताना काही मंडळींनी ध्वनिपट्टीवरची नक्षी प्रथमच भिंगातून पाहिली. संगीतकार आर्सेनी अव्रामोव, चित्रपटकार मिखाइल त्सेखानोव्स्की आणि येवगेनी शोल्पो हे त्यांत होते. तेथेच विचार निघाला : प्राचीन इजिप्त-ग्रीसची नक्षी या पट्टीवर काढली तर ती काय वाजवेल? पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, अव्रामोव यांच्या हाताने काढलेल्या भौमितिक आकृत्या वाजू लागल्या होत्या.

अव्रामोव हे विलक्षण प्रकरण आहे. १९२२ मध्ये त्यांनी बाकू शहरात कारखान्यांचे भोंगे, जहाजांच्या शिट्ट्या आणि तोफा यांचा 'भोंग्यांचा सिंफनी' वाजवला होता. मात्र आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचे आहे ते त्यांचे पियानोशी असलेले वैर. पियानोने सप्तकाचे बारा समान तुकडे केले आणि दोन पट्ट्यांच्या मधले सगळे सूर जगातून हद्दपार केले, असे त्यांचे म्हणणे. देशातील सगळे पियानो जाळून टाकावेत, असा प्रस्ताव त्यांनी क्रांतीनंतर शिक्षणमंत्री लुनाचार्स्की यांच्यापुढे ठेवला होता, ही कथा त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते. त्यांनी स्वतः सप्तकाच्या अठ्ठेचाळीस भागांची रचना मांडली होती. हाताने काढलेला नाद त्यांना हवा होता तो यासाठी : कागदावर दोन रेषांच्या मध्ये हवी तेथे तिसरी रेष काढता येते; पियानोवर दोन पट्ट्यांच्या मध्ये बोट घालता येत नाही.

त्यांच्या या फिती आज आपल्याला जवळजवळ अनुपलब्ध आहेत. संशोधक सांगतात ते कारण वाचून इतिहासाचा कोणताही विद्यार्थी डोक्याला हात लावील : फिती घरात ठेवलेल्या होत्या, वडील परगावी असताना मुलांनी ती ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म पेटवून अग्निबाण आणि धुराचे खेळ केले.

जर्मनीत १९३२ मध्ये दोन माणसे दोन वेगळ्या वाटांनी त्याच जागी पोहोचली. बर्लिनचे ऑस्कर फिशिंगर लांबच लांब कागदांवर नक्षी काढत, तिचे छायाचित्र ध्वनिपट्टीवर घेत आणि ती कशी वाजते ते ऐकत. त्यांचा ओढा चित्रकाराचा : सुंदर आकृतीतून कोणता नाद निघतो? म्युनिकचे रुडॉल्फ फेनिंगर अभियंत्याच्या शिस्तीचे. त्यांनी ऑसिलोस्कोपवर सुरांच्या लाटांचा अभ्यास केला आणि मग त्या लाटा हाताने काढल्या. कोणी न वाजवलेले, कोणी न गायलेले संगीत 'लिहून' दाखवले.

दोघांची तुलना करताना बहुतेक लेखक फिशिंगरच्या चित्रांच्या प्रेमात पडतात. मला फेनिंगर अधिक महत्त्वाचे वाटतात. आकृती डोळ्यांना सुंदर दिसली म्हणजे कानांना सुंदर वाटेलच असे नाही. कधी कधी तर दिसायला अगदी वेगळ्या असलेल्या दोन लाटा कानाला सारख्याच ऐकू येतात. चित्र ही नादाची लिपी आहे. लिपी सुबक असली म्हणजे मजकूर खरा, असे आपण शिलालेख वाचताना कधी मानतो का?

त्याच १९३२ मध्ये कोल्हापुरात प्रभातचा 'अयोध्येचा राजा' तयार होत होता. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. दुर्गाबाई खोटे कॅमेऱ्यासमोर उभ्या राहून स्वतः गात, आणि संगीत होते गोविंदराव टेंबे यांचे. ज्या कडेच्या पट्टीवर बर्लिन-म्युनिकला नक्षी काढली जात होती, तशाच पट्टीवर पडद्यावरची तारामती गात होती. मराठी माणसाचा गाता आवाज प्रकाशाची नक्षी होऊन गावोगावी फिरू लागला तो असा.

यानंतरचा थांबा इंग्लंडमधील केंट परगणा. डाफ्ने ओरम (१९२५–२००३) या बीबीसीत ध्वनितंत्रज्ञ म्हणून लागल्या तेव्हा विशीही गाठलेली नव्हती. १९५८ मध्ये बीबीसीची 'रेडिओफॉनिक वर्कशॉप' उभी राहिली, तिच्या संस्थापकांपैकी त्या एक. पण पुढच्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि एका जुन्या वास्तूत स्वतःची कार्यशाळा थाटली. तेथे गुल्बेंकियन प्रतिष्ठानाच्या अनुदानावर त्यांनी जे यंत्र उभारले त्याचे नाव 'ओरॅमिक्स'. समांतर धावणाऱ्या ३५ मिलिमीटरच्या दहा फिल्म-पट्ट्या. एखादी पट्टी सुराची उंची सांगते, दुसरी आवाजाचा चढउतार, तिसरी घुमारा. लाटेचा आकार वेगळ्या काचेवर काढायचा.

मॅकलॅरनच्या एका ठिपक्यात उंची, मोठेपणा आणि जाती एकत्र गुंफलेल्या असतात. ओरम यांनी त्या सुट्या केल्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र रेघ दिली. आज तुमच्या अ‍ॅपमध्ये गाण्याच्या खाली जी 'ऑटोमेशन'ची रेघ असते, जी बोटाने वर ओढली की आवाज वाढतो आणि खाली ओढली की घटतो, ती कल्पनेच्या पातळीवर ओरम यांच्या टेबलावरून आलेली आहे. त्यांचे यंत्र आज लंडनच्या सायन्स म्युझियमकडे आहे. त्यांचे नाव मात्र इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासांत अनेक वर्षे तळटिपेपुरते होते. यंत्राच्या वंशावळीत बायकांची नावे अशी गळतात, हे या मालिकेच्या जुन्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

१९७७ मध्ये पॅरिसला इयानिस झेनाकिस यांनी 'युपिक' हे संगणक-यंत्र सिद्ध केले. चित्रकाराच्या फळ्यासारख्या पाटीवर लेखणीने रेघ ओढायची, संगणक ती वाजवतो. लहान मुलांनाही त्याच्यापुढे बसवून संगीत रचायला लावत. मला ही गोष्ट फार आवडते, आणि येथे एक खंतही वाटते : या पाटीवर रेघ कशीही ओढता येई. तिच्यावर आडव्या रेषा आधीच आखून ठेवलेल्या नव्हत्या.

मग आजच्या अ‍ॅपमधील रेषा आल्या कोठून?

त्या आल्या कागदाच्या एका वेगळ्याच गुंडाळीवरून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आपोआप वाजणारे पियानो लोकप्रिय होऊ लागले. कागदाच्या लांब गुंडाळीला भोके पाडलेली; भोक जेथे, तेथली पट्टी दाबली जाते. भोक लांब, तर सूर लांब. या गुंडाळीला म्हणत पियानो रोल. संगणकावर संगीत लिहिण्याची वेळ आली तेव्हा कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी हेच चित्र उचलले, नावासकट. आजही बहुतेक सगळ्या संगीत-अ‍ॅप्समध्ये त्या खिडकीचे नाव 'पियानो रोल' हेच आहे. डाव्या बाजूला उभी केलेली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रांगही असते. अव्रामोव यांना जाळायचा होता तो पियानो नादाच्या चित्रात असा कायमचा मुक्कामाला आला.

त्यावर कळस चढवला १९९७ मध्ये. अँडी हिल्डब्रँड हे मूळचे तेलशोधाच्या क्षेत्रातील अभियंते. जमिनीत ध्वनितरंग सोडायचे आणि परतून आलेल्या लहरींवरून खाली तेल कोठे आहे ते ताडायचे, हे त्यांचे काम. त्यातलेच गणित वापरून त्यांनी 'ऑटो-ट्यून' तयार केले : गाणाऱ्याचा सूर मोजायचा आणि जवळच्या रेषेवर नेऊन बसवायचा. सूर किती वेगाने ओढून न्यायचा, हे ठरवता येते. सावकाश ओढला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. वेग कमाल केला तर मींड उरत नाही, जिना उरतो. १९९८ मध्ये शेर या गायिकेच्या 'बिलिव्ह' या गाण्याने तो जिनाच लोकप्रिय करून टाकला. तेथे तो हेतुपुरस्सर होता, आणि कानाला झकास वाटतो, हेही प्रांजळपणे सांगते.

पण रेषा चुकीच्या आहेत म्हणजे नेमके काय? थोडे गणित करू. सा २४० कंपनांचा धरा. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्याचे साशी नाते पाचास चार असे आहे. म्हणजे ३०० कंपने. पियानोच्या समान तुकड्यांतला गंधार येतो ३०२.४ च्या आसपास. दोन्ही एकत्र वाजवले तर सेकंदाला दोन-अडीच हेलकावे ऐकू येतात. तंबोऱ्यावर कान तयार झालेला गायक ३०० वर जातो आणि अ‍ॅप त्याला 'उतरलास' असे सांगते.

हे भांडण महाराष्ट्राला नवे नाही, आणि त्यामुळेच अ‍ॅपचा इतिहास वाचताना मला सारखे सांगली-सातारा आठवत राहिले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्याबरोबर उभे राहिले ब्रिटिश सनदी अधिकारी ई. क्लेमेंट्स. त्यांच्या खटपटीतून श्रुतींची हार्मोनियम तयार झाली, बारा पट्ट्यांच्या तुरुंगातून सुटका करू पाहणारी पेटी. १९१६ मध्ये बडोद्याला भरलेल्या संगीत परिषदेत श्रुतींवरून वाद रंगले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा मार्ग वेगळा होता. शिकवण्यासाठी, छापण्यासाठी, शेकडो चिजा जतन करण्यासाठी त्यांना सुटसुटीत बारा स्वर पुरेसे होते. त्यांच्या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, आणि मींडेसाठी एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर टाकलेली कमान. पुढे १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, त्यामागेही हाच आक्षेप होता : ही पेटी मधले सूर बोलू शकत नाही.

देवल-क्लेमेंट्स यांची बाजू घ्यावी की भातखंड्यांची, यावर या थ्रेडखाली हाणामारी होऊ नये, म्हणून माझे मत सांगून टाकते. देवलांचे गणित मोहक आहे, पण गाता गळा बावीस ठरीव पायऱ्यांवरही थांबत नाही. भातखंड्यांची कमान मला अधिक प्रामाणिक वाटते. ती एवढेच म्हणते, की येथून तेथे जा. मधली वाट गुरूकडून ऐक. अ‍ॅपमधील जाळी ही सभ्यता दाखवत नाही. जे तिला काढता येत नाही, ते ती चूक ठरवते.

आणि हे केवळ सुराचे नाही. आजीची ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते. दाणे घातले की जाते जड होते, फेरा लांबतो. पीठ झाले की हलके होते. अ‍ॅपमध्ये सुराला जशा आडव्या रेषा, तशा काळाला उभ्या. 'क्वांटाइझ' म्हणजे प्रत्येक टोला जवळच्या उभ्या रेषेला नेऊन चिकटवणे. तेथे जात्याचे वजन नाहीसे होते.

तर दिवाळीत आम्ही काय केले, ते सांगते. मामेभावाला मी अव्रामोव यांची गोष्ट सांगितली (पियानो जाळण्याची कल्पना त्याला बेहद्द आवडली), आणि मग आम्ही दोघांनी अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये शिरून तासभर शोधाशोध केली. सूर-दुरुस्ती बंद झाली. जाळीला चिकटण्याची सोय बंद झाली. ढोलकी मात्र आता जात्याच्या फेऱ्यावर बसेना, कारण ती यंत्राने वाजवलेली होती. शेवटी त्याने हेडफोन लावून, आजी ऐकत, टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि तोच रेकॉर्ड केला. चार-पाच प्रयत्न फसले. सहावा बरा आला.

मग आम्ही मोबाइल आजीसमोर नेला. गुपचूप रेकॉर्ड केल्याबद्दल पोराला आधी बोलणी बसली. नंतर तिने चष्मा लावून पडद्यावरची नागमोडी रेघ बराच वेळ पाहिली, आणि एका जागी बोट ठेवून विचारले, "हितं काय झालंय?"

रेघ तेथे जवळजवळ सपाट झाली होती. आम्ही तो भाग वाजवला. आवाज नव्हता, दूरवर भांड्याचा एक आवाज आणि श्वास.

"हितं मी दाणं घातलं," आजी म्हणाली.

मामेभावाने ती जागा कापलेली नाही. गाण्यात तेथे ढोलकीही थांबते.